मदत हवी आहे: गोल्डफिशच्या टाकीत टिकणारी पाणवनस्पती

माझ्या 3 फुटी, सुमारे 130 लिटरच्या टाकीत तीन गोल्डफिश आहेत. कॅबोम्बा त्यांनी आठवडाभरात देठापर्यंत कुरतडला आणि व्हॅलिस्नेरिया वाळू उकरताना मुळासकट उपटली. उकडलेले वाटाणे नियमित देऊनही फरक पडला नाही. लाकडाला दोऱ्याने बांधलेल्या अ‍ॅन्युबियासची जाड, चिवट पाने मात्र चार महिने शाबूत आहेत, फक्त जुन्या पानांच्या कडांवर काळे शेवाळ धरले आहे. म्हणून तशीच, वाळूत न पुरता दगडावर वाढणारी जावा फर्न लावावी असे वाटते. कार्बन डायऑक्साइडची सोय नाही, दिवा 8 तास असतो आणि उन्हाळ्यात पाणी 30 अंशांपर्यंत तापते. अशा टाकीत गोल्डफिश जावा फर्नची कोवळी पाने खरोखर सोडतात का, आणि मुळे दगडाला धरेपर्यंत रोप वेगळ्या भांड्यात ठेवावे का?