मेसनमध्ये पहिलं योगदान द्यायचंय, सुरुवात नेमकी कुठून करू?

घणसोली_सी_वाली

नमस्कार मंडळी, मी महापेला एका छोट्या कंपनीत एम्बेडेड सी लिहिते, घरी ८ जीबीचा जुना लॅपटॉप आहे. ‘दर्या’तला रफार आणि ‘दऱ्या’तला तो आडवा अर्धा र स्क्रीनवर वेगळे कसे उमटतात ते बघायचं म्हणून हार्फबझचा सोर्स उतरवला (क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, सगळीकडे आपली जोडाक्षरं तोच जुळवतो), तर तो बिल्ड होतो (सोर्समधून चालणारा प्रोग्राम बनतो) मेसन आणि निंजावर: काय कसं बांधायचं ते मेसन ठरवतं, निंजा ते काम प्रत्यक्ष चालवतो. ऑफिसातल्या मेकफाइलला (मेक या जुन्या बिल्ड टूलची फाइल) कुणी हात लावायला धजत नाही आणि इथे फाइल वरून खाली वाचत गेलं की सगळं कळत जातं, मला ते इतकं आवडलं की आता मेसनलाच हातभार लावायचाय.

मेसनचा कोड क्लोन करून (उतरवून) सगळ्या टेस्ट एकदम चालवल्या, दोन तासांनी लॅपटॉप गोठला. पायथन जेमतेम येतं. याआधी दुसऱ्या एका प्रोजेक्टवर इश्यूखाली ‘हे काम मला द्या’ असं लिहिलं होतं, महिना झाला, कुणी हूं की चूं केलं नाही. काय करू?

कोलशेत_रोड

आधी लॅपटॉपचं बघू. निंजा स्वतःहून कोअर असतील त्यापेक्षा दोन जास्त कामं एकदम सोडतो, सी प्लस प्लसच्या जड फाइली आल्या की ८ जीबी संपलेच. निंजाला डॅश जे २ दे, म्हणजे एका वेळी दोनच कामं, वेळ लागेल पण गोठणार नाही. सीकॅश (आधी कंपाइल झालेलं साठवून ठेवणारं टूल) टाकून ठेव, मेसन ते आपणहून शोधून वापरतं. मेसन इन्स्टॉल करायची पण गरज नाही, क्लोनमधली मेसन डॉट पीवाय थेट चालव, कोडमध्ये बदल केलास की लगेच दिसेल. टेस्ट तर सगळ्या नकोतच, प्रोजेक्ट टेस्टच्या स्क्रिप्टला डॅश डॅश ओन्ली कॉमन दे, बाकीच्या पीआर (आपला बदल घ्या अशी विनंती) टाकल्यावर सीआयवर, म्हणजे प्रोजेक्टच्या सर्व्हरवर, आपोआप चालतात.

आणि ‘मला द्या’ नको म्हणूस गं, तुला जे अडलं ते छोट्यात छोटं करून ने. एक मेसन डॉट बिल्ड (काय बांधायचं ते मेसनला सांगणारी फाइल), एक सी फाइल, एक कमांड. असं नेलंस तर समोरच्याला पाच मिनिटांत तपासता येतं.

वाशी_सेक्टर_१७

वरचं बरोबर आहे, पण त्याआधी बिल्ड सिस्टीम कशासाठी असते ते एकदा डोक्यात पक्कं बसू दे. मेक १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं, कारण त्यांच्या एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ बरोबर असलेल्या प्रोग्राममधला बग शोधण्यात गेली होती, दुरुस्त केलेली फाइल परत कंपाइलच झाली नव्हती. काय परत बांधायचं आणि काय नाही, सगळा खेळ एवढाच. मेक ते फाइलच्या वेळेवरून ठरवतं. रबाळ्याला एका ठिकाणी काम करताना आमच्या बिल्ड मशीनचं घड्याळ मागे पडलं होतं, आम्ही तीन दिवस जुनी ऑब्जेक्ट फाइल लिंक करत होतो आणि एकमेकांच्या कोडला दोष देत होतो, ते अजून आठवतं.

म्हणून सांगतो, निंजा डॅश डी एक्सप्लेन चालवायची सवय लाव. कुठली गोष्ट परत का बांधतोय ते कारणासकट सांगतो.

कळवा_नाका

मी थोडं वेगळं सांगेन. पायथन कच्चं असेल तर थेट मेसनच्या पोटात शिरू नकोस, रॅपडीबी (मेसनने वापरता येणाऱ्या लायब्ररींचा संग्रह) बघ. तिथे छोट्या छोट्या लायब्ररींसाठी मेसन डॉट बिल्ड लिहून द्यायचं असतं, त्याला सी कळणारा माणूस लागतो.

वाशी_सेक्टर_१७

रॅपडीबी चांगलंच आहे, पण एम्बेडेडवाली मुलगी आहे, तिने क्रॉस फाइल (दुसऱ्या प्रकारच्या चिपसाठी कंपाइल कसं करायचं ते मेसनला सांगणारी फाइल) सोडू नये. क्रॉस कंपाइलच्या अडचणी खऱ्या बोर्डवर करून बघणाऱ्याच्या हाताला बरोबर लागतात.

घणसोली_सी_वाली

काका, एक्सप्लेन चालवलं आणि उत्तर मिळालं!! माझ्या एका प्रोजेक्टात कस्टम टार्गेट (आपली स्क्रिप्ट चालवून फाइल बनवणारी पायरी) दर वेळी परत चालत होतं, मी ते मेसनचा बग म्हणून टाकणार होते. एक्सप्लेन म्हणतो आउटपुट फाइल अस्तित्वातच नाही. बघते तर मी आउटपुटमध्ये टेबल डॉट एच लिहिलेलं आणि स्क्रिप्ट बनवत होती टेबल्स डॉट एच. निंजा एरर देत नाही, फाइल सापडली नाही की पुढच्या वेळी गुपचूप परत चालवतो. हे डॉक्युमेंटेशनमध्ये दोन ओळीत घातलं तर चालेल का? फार किरकोळ वाटेल का?

कोलशेत_रोड

अजिबात किरकोळ नाही, तुझी संध्याकाळ गेली तशी अजून कितीजणांची गेली असेल. फक्त कस्टम टार्गेटचा मजकूर मार्कडाउनमध्ये शोधू नकोस, फंक्शन्सची माहिती डॉक्सच्या फोल्डरात यामल फाइलींमध्ये आहे, प्रत्येक फंक्शनला एक फाइल. तिथे बदल कर. कमिट मेसेजमध्ये काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिही.

घणसोली_सी_वाली

यामल फाइल सापडली. उद्या ठाण्याला जाताना ट्रेनमध्ये इंग्रजी मजकूर लिहिते, पाठवायच्या आधी इथे टाकते, जरा नजर टाकाल? आणि काका, ऑफिसात एआरएमचा एक बोर्ड पडून आहे, शनिवारी मागून घरी आणते, क्रॉस फाइल त्यावरच करून बघेन.