मदत हवी आहे: भुट्ट्याच्या सालांचा ड्रेस

नमस्कार मंडळी, इंदूरमधलं शिवणकाम जाणणारं कोणी आहे का इथे? भाचीच्या कॉलेजात प्रोजेक्ट रनवे या अमेरिकन फॅशन डिझाइनच्या टीव्ही शोसारखी स्पर्धा आहे, अस्तर सोडलं तर कापड चालणार नाही. त्या शोच्या २००४ मधल्या पहिल्याच भागात किराणा दुकानातल्या सामानातून ड्रेस करायचे होते आणि ऑस्टिन स्कार्लेट मक्याच्या सालांचा ड्रेस करून जिंकला, तेच हिच्या डोक्यात बसलंय. सालांना आपल्याकडे काय तोटा, सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस विकणाऱ्यांना सांगितलं की पोतंभर मिळतात, पण रात्रीतून वाळून कडा आत वळतात आणि सुई टोचली की शिरेशिरेने उभी चिरतात. ग्लिसरीनच्या पाण्यात भिजवली तर मऊ राहतील का, प्रमाण किती? की शिवण्याऐवजी अस्तरावर चिकटवायचीच? पोरगी खूप मनापासून करतेय हो, प्लीज सांगा.