घरी बांधलेल्या मोटारीचा मागचा एक्सल नेमका कोणत्या गाडीचा? हबही निघत नाही

मलप्रभाकाठचा (खानापूर)

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या काकांनी नव्वदच्या दशकात बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या ओळखीच्या कारखान्यांत नळ्यांची चासी (गाडीचा सांगाडा) वेल्ड करून घेतली आणि तिच्यावर फायबरची बॉडी चढवून एक उघडी, दोन आसनी मोटार बांधली. इंजिन व गिअरबॉक्स अँबॅसिडरचे आहेत, हे क्रमांकांवरून नक्की झाले आहे. मागचा एक्सल (मागची चाके फिरवणारा आस) मात्र कुठला आणला हे त्यांच्या वहीत कुठेच नाही, आणि आता विचारायला काका नाहीत. ही गाडी त्यांच्या हातची असल्यामुळे ती नीट चालावी, एवढीच इच्छा आहे.

गेल्या पावसाळ्यात एका सखल पुलावरच्या गुडघाभर पाण्यातून गाडी काढावी लागली. परवा एक्सलचे तेल सोडले तर ते पातळ पिठल्याच्या रंगाचे निघाले. डाव्या चाकाच्या ब्रेक प्लेटवरून तेल ओघळते आणि त्या चाकाचा ब्रेक धरत नाही. एका दुकानातून अँबॅसिडरचे म्हणून ऑइल सील (तेल अडवणारी कडी) आणले, पण ते मापात बसणारे नाही. मधला मोठा नट सोडवला तरी हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) आणि त्यावरचा ब्रेक ड्रम जागचा हलत नाही. आधी काय तपासावे?

जीपवाला (चिक्कोडी)

दादा, इंजिन अँबॅसिडरचे म्हणून एक्सलही तिचाच, असे घरी बांधलेल्या गाडीत धरून चालता येत नाही. ब्रिटनमध्ये किट कार बांधणारे लोकही एस्कॉर्ट, कॉर्टिना किंवा मॉरिस मरीना या मोटारींपैकी जो एक्सल मिळेल तो बसवत, त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन गाड्यांखाली दोन वेगळे एक्सल सापडतात. आपल्याकडे तर त्या काळी मोडीत सगळ्यांत सहज मिळणारा मजबूत एक्सल म्हणजे जीपचा.

गाडीच्या मागे उकिडवे बसून एक्सलच्या मधल्या फुगीर गोळ्याकडे पाहा. अँबॅसिडरचा एक्सल बँजो घडणीचा आहे. त्याच्या पाठीला उघडणारे झाकण नसते, आणि डिफरन्शियल (दोन्ही चाकांना फिरवणारा दातेरी चाकांचा संच) पुढच्या बाजूने, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून येणारा फिरता दांडा) जोडला जातो तिकडून, अख्खे बाहेर येते. जीपच्या स्पायसर ४४ जातीच्या एक्सलला पाठीमागे दहा बोल्टांचे पत्र्याचे झाकण असते, आणि ओतीव घरावर पुष्कळदा ४४ हे अंक उठलेले असतात. गंजाखाली ते दिसत नाहीत, म्हणून तारेच्या ब्रशने घासून पाहा. दुसरी खूण याहून बोलकी आहे. जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीतून) शाफ्ट उजव्या अंगाने बाहेर पडतो, म्हणून तिच्या मागच्या एक्सलचा गोळाही मध्यावर नसून उजवीकडे सरकलेला असतो आणि डावा अर्धा शाफ्ट (गोळ्यापासून चाकापर्यंतचा दांडा) उजव्यापेक्षा लांब असतो.

यानंतर गुणोत्तर मोजा, म्हणजे क्राऊन व्हीलच्या (एक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाच्या) एका फेरीमागे प्रोपेलर शाफ्ट किती वेळा फिरतो ते. गिअर न्यूट्रलला टाका, हँडब्रेक सोडा, पुढच्या चाकांना दगडांचा अटकाव लावा आणि मागचे एकच चाक उचलून खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर विसंबू नका. दुसरे चाक जमिनीवर अडलेले असल्यामुळे डिफरन्शियलमध्ये क्राऊन व्हील उचललेल्या चाकाच्या निम्म्याच फेऱ्या घेते. म्हणून ते चाक वीस वेळा फिरवले की क्राऊन दहा वेळा फिरते. तेवढ्यात शाफ्टच्या जितक्या फेऱ्या होतील त्यांना दहाने भागले की गुणोत्तर मिळते. शाफ्टवर आणि टायरवर खडूची रेघ ओढून ठेवली म्हणजे मोजण्यात चूक होत नाही.

मलप्रभाकाठचा (खानापूर)

आपण सांगितल्याप्रमाणे आज पाहिले. पाठीला झाकण आहे आणि बोल्ट मोजून दहा आहेत. गोळा उजवीकडे आहे, आणि चालकाच्या आसनाखालून प्रोपेलर शाफ्ट तिरका का गेला आहे, या माझ्या लहानपणापासूनच्या प्रश्नाचे उत्तर आज मिळाले. चाकाच्या वीस फेऱ्यांत शाफ्ट पावणेचोपन्न वेळा फिरला. झाकण उघडून दातही मोजले. क्राऊनला ४३ आणि ते फिरवणाऱ्या लहान दातेरी चाकाला, पिनियनला, ८ आहेत, आणि क्राऊनच्या कडेवर हेच आकडे ठोकलेले आहेत.

जीपवाला (चिक्कोडी)

मग शंका उरली नाही. ४३ भागिले ८ म्हणजे ५.३७५, हे जीपचे जुने गुणोत्तर आहे. युद्धकाळातल्या जीपमध्ये ३९ आणि ८, म्हणजे ४.८७५ असे. तुमच्या टायरचा परीघ दोन मीटरच्या आसपास असेल, तर टॉप गिअरमध्ये ताशी ८० किलोमीटरला इंजिन मिनिटाला जवळपास ३,६०० फेऱ्या घेत असणार. महामार्गावर इंजिन ओरडते असे पुढे कधी वाटले तर कारण हे आहे. त्यात एक्सलचा दोष नाही.

निवृत्त टर्नर (बेळगाव)

आता हबविषयी लिहितो, कारण इथेच बहुतेक जण शाफ्ट बिघडवून बसतात. या जुन्या एक्सलमध्ये शाफ्टचे टोक निमुळते असते, त्यावर चावी (खाचेत बसणारी पोलादी पट्टी) बसवून हब दाबलेला असतो आणि ड्रम हबसोबतच निघतो. नट पूर्ण काढू नका. तो शाफ्टच्या टोकाला सपाट येईल इतकाच सोडवून तसाच राहू द्या, म्हणजे हब सुटला तरी उडून अंगावर येणार नाही. चाकाच्या सगळ्या स्टडांना धरणारा जाड पुलर (हब ओढून काढण्याचे अवजार) लावा, तो ताणा आणि ताणातच रात्रभर ठेवून द्या. शाफ्टच्या टोकावर घण घालू नका. तो मार दोन्ही शाफ्टांच्या मधल्या थ्रस्ट ब्लॉकला आणि बेअरिंगला जातो. ओढणाऱ्यांनी समोर उभे राहू नये.

सील बदलण्यापूर्वी ब्रीदर पाहा. एक्सलच्या नळीवर श्वास घेणारी एक लहानशी टोपी असते. ती चिखलाने बुजली की तापलेल्या घरातली हवा फुगून तेलाला सीलमधून बाहेर ढकलते, आणि तोच तापलेला एक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसून सीलमधूनच पाणी आत ओढते. पाणी मिसळून तुमचे तेल पिठल्यासारखे होण्याचे कारण मला हेच दिसते. ब्रीदर तसाच ठेवून नवे सील घातले तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच काम करावे लागेल. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचे तोंड चासीवर उंच नेऊन बांधा.

परत जोडताना निमुळता भाग आणि हबची आतली बाजू स्वच्छ व कोरडी ठेवा, ग्रीस लावू नका. चावीची कड चेपली असेल तर नवी चावी घाला. नट किमान २०० न्यूटन मीटरने आवळावा, आणि स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट आणखी पुढे आवळावा, सैल करून कधीही जुळवू नये. शाफ्टची आतबाहेरची हालचाल ब्रेक प्लेटमागच्या शिमांनी (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) ठरते. ती ०.०३ ते ०.१५ मिलिमीटरच्या आत असावी, म्हणून काढलेल्या शिमा डाव्या-उजव्या वेगळ्या बांधून ठेवा. तेल भिनलेले ब्रेक लायनर धुऊन पुन्हा बसवू नका, दोन्ही बाजूंचे नवे घाला. पिनियनचा नट, त्याच्या सीलमधून गळती नसेल तर, अजिबात हलवू नका.

तेल ईपी ९०, जीएल-५ दर्जाचे, म्हणजे गिअरसाठीचे जाड तेल. भरण्याचा प्लग सुटतो याची खात्री झाल्यावरच खालचा सोडावा. आधी साधे स्वस्त तेल भरून चारपाच किलोमीटर गाडी चालवा, गरम असतानाच ते काढा, मग चांगले तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरा.

मलप्रभाकाठचा (खानापूर)

टर्नरकाका, पुलर शनिवारी संध्याकाळी ताणून ठेवला होता. पहाटे चारच्या सुमारास पडवीतून काडकन आवाज आला. कंदील घेऊन गेलो तर ड्रम नटाला टेकून सुटा झालेला होता. चावीची एक कड चेपलेली होती, ती बदलली. ब्रीदरच्या टोपीत लाल माती इतकी घट्ट बसली होती की ती सुईने टोकरून काढावी लागली. जीपचे सील मापात तंतोतंत बसले. डाव्या शाफ्टची हालचाल डायल गेजवर ०.१० आली. काल जांबोटीपर्यंत जाऊन आलो. ब्रेक प्लेट कोरडी आहे आणि दोन्ही मागची चाके सारखी धरतात. काकांच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी एक्सलची जात, दातांची संख्या आणि सीलचे माप लिहून ठेवले आहे.