गाडी आवाज करते तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

बिमली
आज सकाळी शेजाऱ्यांनी गाडी चालू केली आणि एवढ्या पावसातही ती लांबलचक चींऽऽऽ माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आली. बाबांची मारुती एट हंड्रेड आठवली. पावसाळ्यात रोज सकाळी ती अशीच किंचाळायची, जरा वेळाने आपोआप गप्प. बाबा बॉनेट उघडून फॅन बेल्ट अंगठ्याने दाबायचे, 'ढिला झालाय' म्हणायचे, डायनॅमोचा (बॅटरी चार्ज करतो तो) बोल्ट सैल करून टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, तो मागे रेटायचे आणि परत आवळायचे. की पुढचा पाऊसभर शांतता.

मग एका वर्षी आवाजच बदलला. चीं गेली आणि जात्यावर दळण चालल्यासारखी घरघर सुरू झाली, ऊन असो की पाऊस. बेल्ट आवळला तर उलट वाढली. डिचोलीत बाजारामागे एक मेस्त्रीकाका होते. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक वॉटर पंपाच्या अंगावर टेकवलं आणि मूठ कानापुढच्या हाडाला. मग तसंच डायनॅमोवर. मी शाळेच्या गणवेशात बघत उभी, तर मला म्हणाले, 'ये गो, तू आयक.' पंपावर नुसती एकसारखी गुणगुण. डायनॅमोवर मात्र खरखर थेट कवटीत! बेअरिंग गेलं होतं. बेल्ट आवळला की त्याच्यावरच भार वाढणार, म्हणून घरघर वाढलेली. २०१२ला खाणी बंद पडायच्या आधीची गोष्ट ही, साखळीच्या रस्त्यावर लाल धुळीशिवाय दुसरं काही नसायचं. काका म्हणाले, ही धूळ आत गेली की ग्रीसचं काय उरणार.

तुमच्या गाडीने काय आवाज काढले आणि शेवटी निघालं काय, लिहा.

घाटवाला
एसी बंद असला की गुर्रर्र, लावला की गायब. उलटं वाटतं ना? मोठ्या वर्कशॉपने (नाव नको) आख्खा कॉम्प्रेसर बदलायचं कोटेशन हातात दिलं. फोंड्याच्या एका पोराने दोन वेळा एसीचं बटण दाबलं आणि सांगितलं, क्लचच्या पुलीचं बेअरिंग. एसी बंद असताना पुली त्या बेअरिंगवर एकटीच फिरते. क्लच लागला की पुली आणि शाफ्ट एकत्र फिरतात, बेअरिंग तेव्हाही फिरतंच, पण त्याच्यावरचा भार बदलतो आणि आवाज दबतो. तेवढंच बदललं. त्यानंतर अनमोड घाट कितीदा चढलोय, चूं नाही.

चिकू
बिमलीताई बाजारामागे म्हणजे ते पिंपळाजवळचं का? आमची स्कूटर तिथेच जायची. काका आहेत अजून?

बिमली
@चिकू तेच रे. आहेत, गॅरेज मुलगा बघतो. काका आता भजनात पखवाज वाजवतात. कुणाच्या पखवाजाची शाई (कातड्यावरचा काळा थर) सैल झाली ते लांबून सांगतात म्हणे.

रातांबा
स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकायला जाणाऱ्यांनो, आधी ओढणी, मंगळसूत्र, मोकळे केस आवरा. इंजिन चालू असताना बेल्टच्या आसपास हात नाही. आणि इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा पंखा मध्येच फिरू शकतो. माझ्या दिराच्या शर्टाची बाही अशीच गेली. बाहीवर निभावलं.

फोंड्याची सून
आमच्याकडे आवाज 'म्यांव' होता 😄 पावसात मांजरीने पिल्लू बॅटरीशेजारी आणून ठेवलेलं. आता चालू करायच्या आधी बॉनेटवर थाप मारते. शेजारचे बघतात.

घाटवाला
मांजर परवडलं. आमच्याकडे हुंदीर वायरी खातात.

दिवाडकर
फेरीतून उतरून चढावर आलो तर स्टिअरिंग दगड झालं आणि बॅटरीचा लाल दिवा लागला. मागे होर्न वर होर्न. आधी आठवडाभर खर्र खर्र येत होती, चवथीची खरेदी चाललेली, कोण बघतो. बॉनेट उघडलं तर बेल्टच्या चिंध्या. आयडलर पुली (बेल्टला नुसती वाट दाखवते ती) जाम झालेली, बेल्ट तिच्यावर घासून घासून तुटला. माझ्या गाडीत हायड्रॉलिक स्टिअरिंग, डायनॅमो, वॉटर पंप सगळं त्या एकाच बेल्टवर. लोक म्हणाले घर जवळ आहे, जा हळूहळू. पण पंप बंद म्हणजे पाणी फिरणार नाही, इंजिन तापून हेड उडालं तर काय. ढकलून बाजूला घेतली. माटोळीचं (गणपतीवर टांगतो त्या फळापानांचं) सामान डोक्यावर घेऊन चालत घरी 🙏

चिकू
माटोळीला घागऱ्यो मिळाल्या का यंदा? आमच्याकडे कुठेच नाहीत.

स्पॅनर
चीं वाल्यांसाठी. स्प्रेच्या बाटलीत साधं पाणी घ्या, लांबून बेल्टच्या खाचांवर मारा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर बहुतेक एखादी पुली रेषेत नाही. एकदम वाढला तर बेल्ट घसरतोय, ताण कमी. काहीच फरक नाही तर बेअरिंगकडे वळा: इंजिन बंद करा, बेल्ट काढा, प्रत्येक पुली हाताने फिरवा. चांगली असेल तर आवाज न करता फिरते, खराब असेल तर बोटांना कचकच लागते. आणि 'बेल्टला चिरा नाहीत' म्हणून खूश होऊ नका, हल्लीच्या ईपीडीएम रबराला चिरा सहसा पडतच नाहीत, खाचा झिजतात.

रातांबा
सासरे बेल्टला मेणबत्ती घासायचे.

स्पॅनर
@रातांबा आवाज जातो, रोग राहतो. खोबरेल लावणारेही बघितलेत.

शिरसई
माझं सर्वांत भारी. उभ्या गाडीत ठक ठक ठक, ॲक्सिलरेटर दिला की कमी. तीन गॅरेजांत एकच निदान, इंजिन उतरवा. बायको म्हणाली, विकून टाक. शेवटी एका म्हाताऱ्या मेस्त्रीने क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) पुलीवर मध्यापासून कडेपर्यंत खडूची सरळ रेघ ओढली आणि म्हणाला, चार दिवस चालव, मग ये. गेलो तर आतली रेघ एकीकडे, बाहेरची बोटभर सरकलेली. त्या पुलीत मधे रबराचा थर असतो, इंजिनचे हादरे खायला. तो सुटला होता, बाहेरचं कडं आपल्या मर्जीने फिरत होतं. पुली बदलली, गाडी अजून दारात आहे. बायकोही 😀

फोंड्याची सून
🤣🤣 हे तिला दाखवू का

बिमली
@शिरसई खडूची रेघ! हे काकांना सांगणारच.

चिकू
आमच्या गाडीचा टेन्शनर (बेल्ट ताणून धरतो तो) वाजतोय असं आजच कळलं, हा धागा वाचून पुली फिरवून बघितली. कचकच आहे. नुसतं बेअरिंग मिळतं की आख्खा घ्यायचा?

स्पॅनर
स्प्रिंग ठीक असेल आणि बेअरिंग दाबून काढता येत असेल तर नुसतं चालतं. कडेवर नंबर असतो, ६२०३ म्हणजे आतून १७, बाहेरून ४० मिमी. पत्र्याची झाकणवाली नको, दोन्हीकडून रबरी सीलवाली माग, पाऊस आहे.

फोंड्याची सून
मी शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जातेय चिकू, नंबर पाठव, आणते. चोरिसां (डुकराच्या मांसाचे सॉसेज) पण आणू?

चिकू
श्रावण आहे गं. बेअरिंगच आण.