शब्दचर्चा : ‘ग्राइंडिंग’ला दळण म्हणावं का?

वेलांटी

‘क्रोनो ट्रिगर’ या १९९५ च्या सुपर निन्टेंडोवरच्या गेमची मराठीत ओळख लिहायची आहे. वाचक असा धरलाय, ज्याने जपानी आरपीजी (पात्रं वाढवत कथा पुढे नेण्याचा गेम) कधी हातात घेतलेला नाही. लेव्हल, मेनू, बॉस हे शब्द आहेत तसेच ठेवणार, ते सगळ्यांना कळतात आणि ‘स्तर’, ‘म्होरक्या’ लिहून काही साधत नाही. घोडं अडलंय ते पुढच्या शब्दांपाशी: ग्राइंडिंग, टर्न, पार्टी, ड्युअल टेक, सेव्ह, न्यू गेम प्लस. शिवाय असा एखादा जुना गेम माणसाला धरून ठेवतो त्याला काय म्हणायचं? ‘प्रेमात पडणे’ जरा सिनेमाछाप वाटतं.

माझे प्रस्ताव: ग्राइंडिंग = दळण, टर्न = पाळी, पार्टी = चमू. सुचवा, खोडा.

चिमटा

‘दळण’ चालेल, पण जपून. मराठीत ‘दळण लावलंय’ हे बहुतेक वेळा बोलण्याबद्दल असतं, आणि त्यात वैताग असतो. ग्राइंडिंगमध्ये वैताग आहेच, पण हेतूही आहे: त्याच त्या शत्रूंशी पुन्हापुन्हा लढून अनुभवाचे गुण साठवायचे. दळणातून शेवटी पीठ निघतं, तेव्हा मूळ अर्थाने शब्द चपखल बसतो. क्रियापद मात्र ‘दळण करणे’ नको. ‘दळत बसणे’ किंवा ‘दळून घेणे’ लिहा.

अडचण वेगळीच आहे. क्रोनो ट्रिगर हे दळणाचं उदाहरण म्हणून फारसं चांगलं नाही. यात जगाच्या नकाशावर चालताना लढाया होतच नाहीत. गुहेत, जंगलात शत्रू बहुतेक समोर दिसतात, बऱ्याच जणांना वळसा घालून जाता येतं. वाटेत येतील त्या लढाया टाळल्या नाहीत तर शेवटपर्यंत वेगळं दळावं लागत नाही.

दळायचंच असेल तर काय दळताय ते वाचकाला सांगा, कारण इथे दोन खाती आहेत. अनुभवगुणांनी लेव्हल वाढते. टेकगुणांनी नव्या करामती खुल्या होतात. लढणाऱ्या तिघांना दोन्ही मिळतात. मागे राखीव बसलेल्यांना अनुभव तीनचतुर्थांश मिळतो, टेकगुण शून्य. म्हणून होतं असं की एखाद्याला बराच काळ बाकावर बसवलं, की तो लेव्हलने बाकीच्यांच्या जवळपास असतो पण त्याच्याकडे करामती तीनच. नवखा खेळाडू इथे हटकून चकतो.

टेकगुणांसाठी सगळ्यात मोलाची जागा म्हणजे माउंट वो. तिथले रबल नावाचे दगडोबा एकेकी १००० अनुभव आणि १०० टेकगुण देतात. अंगावर वार सहज लागू देत नाहीत आणि लांबवलं तर पळून जातात. डोंगरावरचा बॉस हरवला की डोंगरच संपतो, परत जाता येत नाही. तेव्हा वाक्य असं लिहा: ‘बॉसला भिडण्याआधी वोवर थोडं दळून घ्या.’

पोटफोड्या

‘पाळी’ला माझा विरोध, आणि तो तुम्हाला वाटतोय त्या कारणाने नाही.

पाळी म्हणजे ठरलेला क्रम. रेशनच्या रांगेत पाळी असते. १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये तू एक हुकूम दे, मग शत्रू त्याचं करील, असा खेळ आहे, तिथे पाळी शोभते. क्रोनो ट्रिगरमध्ये प्रत्येक पात्रापुढे एक पट्टी असते, ती आपापल्या वेगाने भरते, आणि भरली की हुकूम देता येतो. आपण विचार करत बसलो तर शत्रूच्याही पट्ट्या भरत असतात. सुरुवातीला नायक क्रोनोचा वेग १२, त्याची मैत्रीण लुका हिचा ६. म्हणजे लुकाची पट्टी एकदा भरेपर्यंत क्रोनो दोनदाही हात चालवून जातो. याला पाळी म्हटलं तर लुकावर अन्याय होतोय असं वाचकाला वाटेल.

‘डाव’ नको, त्यात अख्खा सामना येतो. ‘राज्य’ मोहात पाडतं (लपाछपीतलं), पण राज्य आलेला माणूस बिचारा असतो, इथे उलट आहे. सरळ ‘पट्टी भरली’ म्हणा. ‘लुकाची पट्टी भरली की आग फेका’ यात न कळण्यासारखं काही नाही.

सेटिंगमधल्या दोन पर्यायांनाही नावं लागतील. ‘वेट’मध्ये टेक किंवा वस्तूंची यादी उघडली की घड्याळ थांबतं, ‘ॲक्टिव्ह’मध्ये चालूच राहतं. मी ‘थांबतं घड्याळ’ आणि ‘चालतं घड्याळ’ लिहीन. नवख्याला थांबतंच सुचवा. लढाईचा वेग १ ते ८ असतो, आणि १ हा सगळ्यात वेगवान. आकडा वाढवला तर लढाई जोरात होईल असं वाटतं, होतं उलट.

घडवंची

‘चमू’ वर्तमानपत्री शब्द. क्रिकेटचा, फार तर शास्त्रज्ञांचा. इथे एका वेळी तिघंच चालतात, तेव्हा ‘त्रिकूट’ घ्या. सातही जण मिळून ‘मंडळी’.

तीनच का, याला गेममध्ये चक्क कथेतलं कारण दिलंय. गेम काळप्रवासाचा आहे, आणि एका काळातून दुसऱ्यात नेणाऱ्या कालद्वारातून चौघे एकदम गेले की ठरलेल्या काळात न पोचता सगळे ‘काळाच्या टोकाला’ जाऊन पडतात. आपल्याकडे तीन तिघाडा काम बिघाडा. यांच्याकडे बिघाडा चौथ्याने होतो. ओळख लिहिताना हे वापराच.

आता ड्युअल टेक, म्हणजे दोघांनी मिळून केलेली करामत. जपानीत यासाठी ‘रेनकेई’ हा शब्द आहे, अर्थ साधारण ताळमेळ. ‘जुगलबंदी’ कुणीतरी सुचवेलच म्हणून आधीच सांगते: जुगलबंदीत थोडी चढाओढ असते. इथे चढाओढ नाही, दोघांचे वार मिळून तिसराच वार होतो. क्रोनोचं सायक्लोन आणि फ्रॉगची जिभेने ओढून मारलेली तलवार मिळून एक्स-स्ट्राइक. मार्लचा बर्फ आणि लुकाची आग मिळून अँटिपोड, आणि त्याचा मार आगीचाही नाही, पाण्याचाही नाही, सावलीचा पडतो. कुस्तीतल्या ‘पेच’वरून ‘जोडपेच’ करता येईल. तिघांचा तो ‘तिपेडी’.

जोडपेच मेनूत दिसत नाही अशी तक्रार नवखे करतात. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. दोघांच्याही पट्ट्या एकाच वेळी भरलेल्या लागतात. क्रोनोची भरली रे भरली की तलवार चालवून टाकली, तर लुकाची भरेपर्यंत तो रिकामा. वेगवान पात्राला थांबवून ठेवायचं. दोघांपैकी एक बेशुद्ध किंवा झोपलेला असला, किंवा एकाचे जादूगुण कमी पडले, तरीही नाही. आणि दोघांनी आपापला मूळ टेक शिकलेला हवा.

थांबण्याचा आणखी एक फायदा. शत्रू जागचे हलत असतात. सायक्लोन निवडलेल्या शत्रूभोवतीच्या वर्तुळात लागतं, लुकाचा ‘फ्लेम टॉस’ सरळ रेषेत. ते एकमेकांजवळ आले की हाणा. याला मराठीत ‘टपून बसणे’ आहे, वेगळा शब्द कशाला?

वेलांटी

जोडपेच घेतला. तिपेडीला जरा वेणीचा वास येतोय, पण ‘तिहेरी’पेक्षा बरा. पट्टीही मान्य. सेव्हचं काय?

सोल्डर

सेव्हला ‘जतन’ म्हणतात, संगणकाच्या मेनूत ते आहेच. पण या जुन्या गेमांबाबत जतन हा शब्द शब्दशः खरा होता, म्हणून थोडं खोलात.

आधी ‘कॅसेट’. कार्ट्रिज लिहू नका. आपल्याकडे फॅमिकॉमच्या (निन्टेंडोचं जुनं जपानी गेमयंत्र) नकला घरोघरी आल्या तेव्हा सगळे ‘गेमची कॅसेट’च म्हणायचे. आत फीत नसते म्हणून हे चूक, असं शुद्धिवादी म्हणतील. जपानी लोकही फॅमिकॉमच्या कार्ट्रिजला ‘कासेत्तो’च म्हणतात. मराठी शब्द मूळ देशाच्या शब्दाशी जुळतोय, सोडायचा कशाला? आपल्याकडच्या ‘इतक्या-इतक्या गेम एका कॅसेटीत’वाल्या नकलांमध्ये मात्र आरपीजी जवळपास नसायचे. त्या कॅसेटींत जतनाची सोयच नव्हती, आणि वीस-पंचवीस तासांचा गेम एका बैठकीत कोण संपवणार.

जपानात पहिल्या ड्रॅगन क्वेस्टलाही जतनासाठी बॅटरी नव्हती. राजाकडे गेलं की तो २० हिरागाना अक्षरांचा ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ द्यायचा. तो कागदावर उतरवायचा आणि पुढच्या वेळी भरायचा. लेव्हल, पैसे, वस्तू सगळं त्या २० अक्षरांत. एक अक्षर चुकलं की ‘मंत्र चुकला’. ‘हा’ आणि ‘हो’, ‘नु’ आणि ‘मे’ ही हिरागाना अक्षरं जुन्या टीव्हीवर एकसारखी दिसत, त्यामुळे चुकायचंच. याला मराठीत ‘संजीवनी मंत्र’ म्हणा, शुक्राचार्यांची हरकत नसावी. १९८८ च्या तिसऱ्या भागापासून बॅटरी आली आणि जतन केलेल्या फाइलीला नाव मिळालं ‘साहसाचा ग्रंथ’. मी ‘बखर’ म्हणेन: ‘पहिली बखर उघडा.’

क्रोनो ट्रिगरच्या कॅसेटीत तीन बखरी बसतात. त्या राहतात ८ केबीच्या स्मृतीत, आणि ती जिवंत ठेवते सीआर२०३२ ही ३ व्होल्टची नाणेबॅटरी. सेल मेला की बखरी गेल्या. गेम चालतो, फक्त बंद केल्यावर काही उरत नाही. १९९५ ची मूळ कॅसेट कुणी विकत घेत असेल तर सेल बदलायचाच आहे असं धरून चाला:

कॅसेटीचे स्क्रू ३.८ मिमीच्या खास गेमबिटने उघडतात, साध्या पेचकसाने खोबण खराब होते. टोकांना पत्र्याच्या पट्ट्या जोडलेला, डाखायला तयार सेल घ्या. सुट्या सेलवर थेट सोल्डरिंग करायचं नाही, उष्णतेने तो फुगतो किंवा फुटतो. जुना काढण्याआधी धन-ऋण बाजू बघून ठेवा, उलटा बसला तर जतन होणार नाही. सेल चिकटपट्टीने बांधून काम भागवणारे आहेत. संपर्क सैल पडतो आणि बखर मधेच उडते. जुना सेल निघाला की जुन्या बखरी पुसल्या जातात, म्हणून त्या हव्या असतील तर आधी कॅसेट-रीडरने संगणकावर उतरवून घ्या.

आणि ‘फुंकर मारणे’. कॅसेट चालेना की फुंकर, हा आपल्याकडचा आणि जपान-अमेरिकेतलाही जुना उपाय. चालायची ती फुंकरीने नाही, काढून पुन्हा बसवल्याने संपर्क जुळायचा म्हणून. तोंडातल्या ओलाव्याने उलट पिना गंजतात. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, पुसून पूर्ण वाळू द्यायचं. शब्द मात्र सुंदर आहे, राहू द्या.

एवढा खटाटोप नको असेल तर २००८ ची निन्टेंडो डीएसवरची आवृत्ती घ्या, तिच्यात सेलची भानगड नाही. २०१८ पासून स्टीमवरही आहे.

चिमटा

‘रँडम एन्काउंटर’ राहिलं, म्हणजे चालता चालता न दिसलेला शत्रू अचानक समोर येऊन सुरू होणारी लढाई. ‘एन्काउंटर’ तसंच ठेवलंत तर मुंबईचा वाचक पोलिसांची गोष्ट समजेल. ‘अवचित गाठ’ लिहा. तसंच ‘त्याने गेम केला’ आणि ‘त्याचा गेम केला’ यातला फरक तपासूनच छापा.

पोटफोड्या

न्यू गेम प्लस, म्हणजे गेम संपवल्यावर कमाई सोबत घेऊन पुन्हा पहिल्यापासून खेळणं. हे नावच या गेमने रूढ केलं, तेव्हा त्याला बारसं नीट हवं. ‘पुनश्च हरिओम’. लेव्हल, टेक, शस्त्रं, चिलखतं सोबत येतात. पैसे आणि कथेतल्या महत्त्वाच्या वस्तू येत नाहीत. म्हणून शेवटच्या लढाईआधी पैशांचा ढीग साठवू नका, वस्तू घेऊन टाका. गेमच्या सुरुवातीच्या जत्रेतल्या दोन टेलिपॉडांपैकी (माणसाला इकडून तिकडे पाठवणारी यंत्रं) उजवा आता थेट शेवटच्या बॉसकडे, लावोसकडे नेतो. कथेत कुठवर पोचून त्याला हरवलं यावर शेवट ठरतो, त्यामुळे मोठ्या घटनेआधी वेगळ्या बखरीत जतन करत जा.

घडवंची

आता मूळ प्रश्न. भुरळ, नाद, वेड, लळा, जीव जडणे, हे पाचही शब्द वेगळे आहेत आणि या गेममध्ये ते क्रमाने लागू पडतात असं माझं मत.

भुरळ पहिल्या तासात. जत्रेत कुणाचा तरी डबा टेबलावर असतो, उघडून खाल्ला तर खेळाडू तो विसरूनही जातो. पुढे क्रोनोवर खटला चालतो तेव्हा तोच डब्याचा मालक साक्षीला उभा. हरवलेलं मांजर मुलीला नेऊन दिलं होतं का, धडकून पडलेल्या मार्लला आधी उठवलं की तिचं लॉकेट उचललं, सगळं निघतं. सात पंच एकेक करून कौल देतात. (सुटलात तरी तुरुंग चुकत नाही, ते असो.)

नाद हा पुनश्च हरिओमचा. वेड म्हणजे सगळे शेवट बघणं.

पण ‘प्रेमात पडणे’च्या जागी मी ‘जीव जडणे’ घेईन. पुढे रसभंग आहे, ‘स्पॉइलर’ला हाच शब्द वापरा. क्रोनो जवळपास अख्ख्या गेममध्ये बोलत नाही. समुद्रमहालात तो मरतो. त्याला परत आणणं सक्तीचं नाही, त्याच्याशिवाय लावोसला हरवून गेम संपवता येतो. तरी मंडळी जत्रेतल्या तंबूत ४० चांदीचे गुण भरून त्याच्यासारखा हुबेहूब बाहुला जिंकतात, काळाचं अंडं मिळवतात आणि डेथ पीक या डोंगराचा बर्फ चढतात. तिथे वाऱ्याचा झोत आला की झाडामागे थांबायचं, नाहीतर खाली ढकलले जातात. न बोलणाऱ्या आणि मेलेल्या पात्रासाठी ही यातायात करावीशी वाटते, त्याला मराठीत ‘जीव जडला’ यापलीकडे काय म्हणणार?

चिमटा

लळाही चालला असता. पण लळा पाळलेल्या जनावराचा किंवा पोराचा लागतो, मोठ्या माणसाचा क्वचित. जीव जडणे बरोबर.

वेलांटी

घेतलं. शेवटचा एक: ‘पॉवर टॅब’, ‘स्पीड टॅब’. टॅब म्हटलं की आज ब्राउझर आठवतो.

पोटफोड्या

मूळ जपानीत ते ‘कॅप्सूल’ आहे, डीएसच्या इंग्रजीतही तेच केलंय. आपल्याकडे कॅप्सूल शेंबड्या पोरालाही माहीत. एका कॅप्सूलने तो गुण कायमचा १ ने वाढतो. लेव्हल चढली तरी वेग वाढत नाही आणि त्याची कमाल १६ आहे, म्हणून वेगाच्या कॅप्सुला क्रोनोवर उधळू नका, लुकाला किंवा रोबोला द्या. जोडपेच आपोआप लवकर जुळायला लागतील.