शिंगं फुटणे: वय की आगाऊपणा?
'शिंगं फुटली म्हणजे पोरगं वयात आलं' असं कुणीतरी लिहिलंय, ते मला अर्धंच पटतं. आमच्याकडे हा टोमणा आगाऊपणाला असतो. उलट उत्तर देणारं आठ वर्षांचं पोरही 'शिंगं फुटली का रे तुला?' ऐकतं; तिशीतल्या गरीब स्वभावाच्या माणसाला मात्र ती कधीच फुटत नाहीत.

आणि वयाचंच म्हणाल तर, बाजारात खोंडाचं (तरुण बैलाचं) वय बघायला गिऱ्हाईक आधी तोंड उघडून खालचे पुढचे दात बघतं. सगळे दुधाचे असतील तर आदत, दोन पक्के आले (साधारण दोन-अडीच वर्षांनी) की दुसा, मग चार आले की चौसा, आठही आले की जुळला. म्हणून निव्वळ वय काढायचं तर 'अजून दुधाचे दात पडले नाहीत' हेच चपखल बसतं. बैलगाडा शर्यतींतही आदतचा गट वेगळा ठेवतात.