विषय: सोलापूरच्या कुत्र्या-मांजरांसाठी मंडळातून काही पाठवता येईल का?

नमस्कार मंडळी,
सध्या आईकडे जुळे सोलापूरला आलेय. ऊन सोलापूरकरांना काय सांगायचं, पारा बेचाळीसच्या वर, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, गाड्यांखाली मात्र धापा टाकत पडलेली कुत्री. आमच्या गल्लीत काही कॉलेजची पोरं आणि एक रिटायर्ड शाळेच्या बाई मिळून काम करतायत. कोपऱ्याकोपऱ्यावर पाण्याची सिमेंटची भांडी ठेवलीत ती वेगळीच, पण खरं काम पिल्लं होऊ नयेत म्हणून करायच्या ऑपरेशनचं आहे. मांजरीला सुकटीचा वास लावून पिंजऱ्यात घ्यायचं, आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं कारण भूल द्यायची असते (हे शेजारच्या आज्जींना पटत नाही, त्या गुपचूप दूधभाकरी सरकवतात), मग टाके वाळेपर्यंत सांभाळायचं, आणि कुत्रं असेल तर कानाला खाच पाडून जिथून उचललं तिथंच परत सोडायचं. खाच बघून कळतं, हिचं झालंय. पोरं म्हणतात खायला घालणारे भरपूर आहेत, ऑपरेशनचं बिल भरणारं कोणी नाही. गणपतीच्या वर्गणीतले उरलेले पैसे पाठवूया का?

---

ताई, उपक्रम छान, पण मंडळाच्या खात्यातून नको. आपलं मंडळ परदेशात रजिस्टर्ड, म्हणजे भारताच्या कायद्यात ती परदेशी देणगी. ती घ्यायची तर तिकडच्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी, हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मेन ब्रँचमधल्या खात्यातच घ्यावे लागतात. गल्लीतल्या पोरांकडे हे कुठून असणार, उगाच त्यांनाच गोत्यात आणू. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या खात्यातून बँकेमार्फत दिलं तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. ओसीआयवाल्यांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना, मात्र हे लागू नाही, त्यात मीही आलो.
– खजिनदार

---

सगळं ठीक आहे हो, पण माणसांचं काय? माझा पुतण्या अक्कलकोट रोडला रात्रपाळी करून सायकलवरून घरी येतो, टोळीच मागे लागते. मागच्या वर्षी पोटरीला चावलं, इंजेक्शनं घेत बसला. परत तिथंच सोडायचं हे काय डोकं आहे? उचला आणि लांब नेऊन टाका की.

---

काका, राग बरोबर आहे तुमचा, पण लांब नेऊन टाकलं की मोकळ्या गल्लीत दुसरी येतात, बिनऑपरेशनची, बिनलसीची, आणि मादीला जेमतेम दोन महिन्यांत पिल्लं होतात. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, पण ती लस टोचलेली कुत्री जागेवर राहिली तरच ना. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलं, ऑपरेशन आणि लस करून जागेवर सोडा, फक्त पिसाळलेली किंवा अंगावर येणारी सोडू नका, आणि खायला घालायचं ते ठरवून दिलेल्या जागीच. शाळा, दवाखाने, एसटी स्टँड इथली कुत्री मात्र परत तिथं सोडायची नाहीत, हे नोव्हेंबरात आलं. खायला घालण्यावरून माझं पोरांशीही वाजलंय, आमच्या इथे रिक्षा स्टॉपजवळच भात ओततात, मग भांडणं होणारच. आणि पुतण्याला सांगा, चावलं किंवा ओरखडलं तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं, हळद-चुना काही नाही, मग लगेच दवाखाना. मांजरानं ओरबाडलं तरी हेच.
भारतीय पासपोर्टवाल्यांनी मला वेगळा मेल करा, डॉक्टरांच्या बिलाची प्रत पाठवीन, बिलाशिवाय एक रुपया देऊ नका.

---

माझा पासपोर्ट भारतीयच आहे. देतो. पण पहिला नंबर आमच्या गल्लीचा लावा, कारखान्याच्या गेटजवळ एक तांबडी कुत्री आहे, परत गाभण वाटते असं पुतण्या म्हणतो. ती सगळ्यात खवट आहे, पोरांना हातमोजे घालून या म्हणावं.